मेळघाटच्या सहलीसाठीं भिंगाची निवड

आंबिया बहराचीं संत्रीं उतरलीं, व्यापाऱ्याशीं हिशेब पुरा झाला, कीं चांदूर बाजारच्या बागाइतदारांच्या घरीं मेळघाटच्या सहलीचे बेत सुरू होतात. अचलपूर ओलांडून परतवाड्यास पोंचलें म्हणजे गाविलगडाची रांग समोर उभी राहते. तेथून एक रस्ता घाट चढून चिखलदऱ्यास जातो. दुसरा सेमाडोह, कोलकास, हरिसाल करीत धारणीकडे निघतो. अरण्य इतकें जवळ असल्यामुळें कोठें जावें हा प्रश्न या मंडळींना फारसा पडत नाहीं. प्रश्न पडतो तो भिंगाचा, म्हणजे बाजारांत ज्याला लेन्स म्हणतात त्या वस्तूचा. कॅमेरा बहुधा घरांत असतोच. एखाद्या लग्नकार्याच्या निमित्तानें तो घेतलेला असतो. त्याबरोबर आलेल्या लहानशा भिंगांतून वाघ टिपतां यावयाचा नाहीं, एवढें सर्वांस ठाऊक असतें. मग शहरांतील दुकानदार हातभर लांबीचें एक नळकांडें समोर ठेवतो, त्याची किंमत सांगतो, आणि घरांत दोन तट पडतात. मुलांना तें हवें असतें. वडील मंडळी बागेच्या फवारणीचा खर्च मोजूं लागतात.

दुकानदार सांगतो तें अगदींच खोटें नसतें. लांब भिंगानें दूरचा प्राणी मोठा दिसतो, हें खरेंच. परंतु कोणत्या अरण्यांत, कोणत्या ऋतूंत, दिवसाच्या कोणत्या प्रहरीं आणि किती अंतरावरून पाहावयाचें, हें ठरल्यावांचून भिंग ठरूं शकत नाहीं. आणि मेळघाटचें अरण्य जाहिरातींतल्या अरण्यासारखें नाहीं.

घाटांचा जेथें मेळ झाला तो मेळघाट, असा या नांवाचा अर्थ लावतात. एकदां त्या रस्त्यांवरून फिरून आलेल्या माणसास तो सहज पटतो. सिपना, खंडू, खापरा, गाडगा, डोलार या पांच नद्या या डोंगरांतून वाट काढीत तापीला मिळतात. कोरकू भाषेंत सिपना म्हणजे साग, आणि सागच येथला मुख्य वृक्ष होय. १९७३ सालीं देशांत व्याघ्रप्रकल्पाची योजना सुरू झाली तेव्हां निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाटचें नांव होतें. तथापि येथें वाघ दाट वस्तीनें राहत नाहींत आणि ते उघड्यावर फारसे येत नाहींत. ताडोब्यास तलावाकांठीं किंवा सडकेवर वाघ निवांत बसलेला पाहून आलेला प्रवासी मेळघाटांत त्याच अपेक्षेनें शिरला, तर बहुधा निराश होऊन परततो. येथें सडक पांच-पन्नास पावलांवर वळते. एका बाजूस उतार, दुसऱ्या बाजूस चढ. पावसाळा संपतांच गवत, बांबू आणि घाणेरी यांची भिंतच उभी असते. पूर्व आफ्रिकेच्या गवताळ मैदानावर अर्ध्या मैलावरचा सिंह दिसतो, म्हणून तेथें जाणारे फार लांब भिंगें नेतात. मेळघाटांत जो प्राणी दिसतो तो बहुधा पन्नास मीटरांच्या आंत दिसतो; त्यापलीकडचा दिसतच नाहीं, मग भिंग कितीही लांब असो.

आतां थोडें गणित करणें भाग आहे, परंतु तें त्रैराशिकापलीकडचें नाहीं. भिंगावर मिलिमीटरांत जो आकडा कोरलेला असतो त्यास शाळेच्या पुस्तकांत नाभीय अंतर म्हणतात. प्राण्याच्या लांबीस या नाभीय अंतरानें गुणावें आणि प्राणी जितका दूर असेल त्या अंतरानें भागावें. म्हणजे कॅमेऱ्याच्या आंतील सेन्सरवर उमटणाऱ्या प्रतिमेची लांबी निघते. शेपटी सोडून वाघ दोन मीटर लांब धरला आणि तो चाळीस मीटरांवर आडवा उभा आहे असें समजलें, तर ५० मि.मी.च्या भिंगानें त्याची प्रतिमा अडीच मिलिमीटर येते, २०० च्या भिंगानें १० मिलिमीटर, ४०० च्या भिंगानें २० मिलिमीटर, व ६०० च्या भिंगानें ३० मिलिमीटर. मोठ्या जातीच्या कॅमेऱ्यांत, ज्यांना फुल-फ्रेम म्हणतात, सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच असतो. जुन्या फिल्मच्या चौकटीएवढाच. म्हणजे ४०० च्या भिंगानें वाघ अर्ध्याहून थोडी अधिक चौकट व्यापतो. बाकीच्या जागेंत साग, बांबू, पाण्याची कड, असें त्याचें घर येतें. आणि चित्र म्हणून विचार केला तर याहून अधिक वाघ नकोच.

चांदूर बाजारच्या घरांत जो कॅमेरा असतो त्याचा सेन्सर बहुधा याहून लहान, सुमारें २४ मिलिमीटर रुंद व १६ मिलिमीटर उंच असतो. प्रतिमा तेवढीच पडते, पण चौकट लहान असल्यामुळें ती अधिक भागावर पसरलेली दिसते. अशा कॅमेऱ्यावर ३०० मि.मी.चें भिंग मोठ्या कॅमेऱ्यावरील ४५० च्या भिंगासारखें काम देतें. ही गोष्ट दुकानांत क्वचितच कोणी समजावून सांगतो. ज्याच्याजवळ लहान सेन्सरचा कॅमेरा आहे, त्यानें ६०० चा हट्ट धरण्यापूर्वीं आपल्या ३०० कडे एकदां नीट पाहावें.

आतां हाच वाघ पंधरा मीटरांवर आला असें समजूं. ४०० च्या भिंगानें त्याची प्रतिमा ५३ मिलिमीटर होते, म्हणजे ती कोणत्याच चौकटींत मावत नाहीं. रानगवा असला तर त्याहूनही नाहीं. ज्याच्या कॅमेऱ्यास ६०० मि.मी.चें एकाच मापाचें भिंग लावलेलें असतें, त्याच्या हातीं अशा वेळीं एक कान आणि अर्धा गाल लागतो. मेळघाटच्या वळणांवर प्राणी एकाएकीं जवळ भेटतात; म्हणून ज्याचें माप कमीजास्त करतां येतें असें झूम भिंग येथें अधिक उपयोगी पडतें. १०० ते ४०० किंवा १५० ते ६०० अशीं झूम भिंगें मिळतात. एकाच मापाचीं मोठीं भिंगें चित्राच्या रेखीवपणांत सरस असतात यांत शंका नाहीं; परंतु जें चित्र मिळालेंच नाहीं त्याच्या रेखीवपणाचा उपयोग काय?

भिंगाच्या नांवांत दुसरा एक आकडा असतो, तो ‘एफ’ या अक्षरापुढचा. हौशी माणसें याकडे दुर्लक्ष करतात, आणि अरण्यांत खरी फजिती याच आकड्यापायीं होते. नाभीय अंतरास या आकड्यानें भागलें म्हणजे ज्या छिद्रांतून प्रकाश आंत येतो त्याचा व्यास मिळतो. ४०० मि.मी.च्या एफ २.८ भिंगाचें छिद्र सुमारें १४३ मिलिमीटरांचें. तेंच भिंग एफ ५.६ असेल तर ७१ मिलिमीटरांचें. व्यास निम्मा झाला कीं क्षेत्रफळ पाव होतें. म्हणून दुसऱ्या भिंगांतून प्रकाश चौथा हिस्साच येतो. एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश अधिक, असा हा उलटा हिशेब आहे.

याचें महत्त्व सकाळच्या पहिल्या तासांत कळतें. मार्गशीर्ष-पौषांत सेमाडोहच्या बाजूस दरींत ऊन उशिरां उतरतें. प्राणी तर त्याच वेळीं हिंडत असतात. चालणाऱ्या सांबराचें चित्र हलूं नये म्हणून कॅमेऱ्याचें शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागापेक्षां अधिक काळ उघडें राहतां कामा नये. पळणाऱ्या प्राण्यास हजारावा भाग लागतो. समजा, एफ २.८ च्या भिंगानें चारशेवा भाग मिळतो आहे. तर त्याच प्रकाशांत एफ ५.६ च्या भिंगानें शंभरावा भाग मिळेल, आणि सांबराचे पाय धुरकट होतील. यावर पूर्वीं उपाय नव्हता. हल्लींच्या कॅमेऱ्यांत सेन्सरची संवेदनक्षमता, जिला आयएसओ म्हणतात, ३२०० किंवा ६४०० पर्यंत वाढवून काम भागवितां येतें. चित्र थोडें दाणेदार होतें, पण दाणेदार चित्र भिंतीवर लावतां येतें. हललेलें चित्र कोणी लावीत नाहीं. हात कांपल्यामुळें येणारा दोष दूर करणारी योजना आजकालच्या बहुतेक लांब भिंगांत असते, आणि ती अवश्य असावी. परंतु ती छायाचित्रकाराचा हात सांवरते, सांबराचे पाय नव्हेत, हें विसरूं नये.

मग सरळ एफ २.८ चें ४०० भिंगच कां घेऊं नये? एक तर त्याचें वजन सुमारें तीन किलो असतें. दुसरें, अशा थोर भिंगांची किंमत आज दहा लाख रुपयांच्या घरांत किंवा तिच्याही पुढें जाते. झूम भिंगें सुमारें लाख ते सव्वादोन लाखांत मिळतात आणि त्यांचें वजन दीड ते दोन किलोंच्या आसपास असतें. तिसरें कारण सूक्ष्म आहे. मोठ्या छिद्राच्या भिंगांत स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली फार थोडी असते. वीस मीटरांवर ४०० मि.मी.चें भिंग एफ २.८ वर ठेवलें तर पुढेंमागें मिळून सुमारें चाळीस सेंटिमीटरांचाच पट्टा रेखीव येतो. समोरून येणाऱ्या वाघाचे डोळे रेखीव आले तर खांदा धूसर होतो. कसलेला माणूस हाच गुण कामीं लावतो आणि मागचा पालापाचोळा विरघळवून टाकतो. नवख्याच्या हातीं मात्र नाकाच्या शेंड्याचें उत्तम चित्र येतें.

भिंगाचें माप वाढविणारा एक जोडतुकडाही मिळतो, त्यास टेलिकन्व्हर्टर म्हणतात. १.४ पटीचा तुकडा लावला तर प्रकाश निम्मा होतो, दोन पटीचा लावला तर पाव. झूम भिंगावर तो लावून पहाटे मेळघाटांत जाणें म्हणजे अंधाऱ्या खोलींत काळा चष्मा घालून बसणें होय. त्याचा विचार येथेंच सोडून द्यावा.

गाडींतल्या व्यवस्थेविषयीं चार शब्द. सफारीसाठीं जी उघडी जिप्सी मिळते तींत तिपाई मांडण्यास जागा नसते. त्याऐवजीं जुन्या विजारीचा एक पाय कापून दोन्ही तोंडें शिवावीं, आंत दोन-तीन किलो ज्वारी भरावी, आणि ही पिशवी गाडीच्या दांडीवर ठेवून तिच्यावर भिंग टेकावें. विकत मिळणाऱ्या पिशव्यांपेक्षां ती कोणत्याही बाबतींत उणी पडत नाहीं. शिवण मात्र घट्ट असावी. अरण्यांत दाणे सांडून प्राण्यांस चटक लावणें बरें नव्हे. गाडीचें इंजिन चालू असतां सबंध दांडी थरथरते आणि ज्वारीही ती थरथर पुरी शोषून घेत नाहीं; म्हणून चित्र घेण्यापूर्वीं इंजिन बंद करण्यास सांगावें. भिंग बदलण्याचें काम उघड्या गाडींत करूं नये. उन्हाळ्यांत पुढच्या गाडीची तांबूस धूळ कॅमेऱ्याच्या पोटांत शिरली, कीं पुढच्या प्रत्येक चित्रांतील आकाशावर तिचे ठिपके दिसतात. झूम भिंग घेण्यास हेंही एक कारण आहे. बांबूच्या जाळींतून पाहतांना कॅमेरा आपोआप जवळच्या काडीवर दृष्टि रोखतो आणि मागचा गवा धूसर राहतो. यासाठीं हातानें फिरवून दृष्टि जुळविण्याचें कडें ज्या भिंगावर सहज बोटाशीं येतें तेंच पसंत करावें. दुकानांत ही परीक्षा कुंडींतल्या झाडाआड घड्याळ ठेवून करतां येते.

वैशाखांत आणखी एक अडचण येते. साग निष्पर्ण झालेला असतो, पाणी थोड्याच पाणवठ्यांवर उरतें, आणि प्राणी दिसण्याची आशा या दिवसांत सर्वांत अधिक. परंतु दहा वाजल्यावर जमिनीवरची हवा तापून वर चढूं लागते आणि तिच्या लहरींतून जाणारे किरण वांकतात. डांबरी सडकेवर दुपारीं जें मृगजळ दिसतें तोच हा प्रकार. शंभर मीटरांपलीकडचें चित्र अशा वेळीं पाण्याखालीं घेतल्यासारखें येतें. आणि भिंग जितकें लांब तितका हा दोष मोठा होऊन दिसतो. कितीही पैसे खर्चून यावर इलाज होत नाहीं. लवकर उठणें हाच एक इलाज आहे.

ज्यांना लांब भिंगाचा फारच मोह पडतो, त्यांनीं एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. मेळघाटच्या वाघांचीं सर्वांत अधिक चित्रें काढणारा कॅमेरा कोणाच्याही हातांत नसतो, आणि त्याला लांब भिंगही नसतें. देशांतील व्याघ्रगणना २००६ पासून दर चार वर्षांनीं होते. तीसाठीं झाडांच्या बुंध्यांवर, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, पायवाटेच्या दोन्ही अंगांस समोरासमोर कॅमेरे बांधतात. जोडीनें बांधण्याचें कारण असें कीं वाघाच्या दोन्ही कुशींवरील पट्टे सारखे नसतात, आणि माणसाच्या अंगठ्याप्रमाणें पट्ट्यांवरूनच प्रत्येक वाघ ओळखावयाचा असतो. प्राण्याच्या अंगाची ऊब यंत्रास जाणवली कीं चित्र आपोआप निघतें. त्यांतलें भिंग लहान व रुंद दृष्टीचें असतें, कारण वाघ स्वतःच दोन-चार मीटरांवरून चालत जातो.

ही युक्ति नवी नव्हे. त्या वेळच्या संयुक्त प्रांतांतील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनीं १९२० नंतरच्या वर्षांत वाघाच्या वाटेवर बारीक तार ताणून ठेविली. वाघाचा पाय तारेस लागला कीं झगमगाट होऊन चित्र निघे. त्यांचें या विषयावरील पुस्तक १९२७ सालीं प्रसिद्ध झालें आणि बंदुकीवांचून वाघ मिळवितां येतो हें सर्वांस दिसलें. या गृहस्थांजवळ भिंग साधेंच होतें. वाघ कोठून जातो, केव्हां जातो, कोणत्या बाजूनें वळतो, ही माहिती मात्र वर्षानुवर्षांची होती.

लांब भिंगाची खरी गरज मेळघाटांत वाघासाठीं नाहीं, ती पक्ष्यांसाठीं आहे. आणि पक्ष्यांतही रानपिंगळ्यासाठीं. या लहानशा घुबडाची हकीकत वऱ्हाडांतील प्रत्येक घरानें जाणून घ्यावी इतकी नवलाची आहे. १८८४ नंतर हा पक्षी कोणास खात्रीनें दिसला नव्हता. तो नामशेष झाला असेंच पुष्कळांचें मत होतें. नोव्हेंबर १९९७ मध्यें पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अॅबट या अमेरिकन अभ्यासकांना तो खानदेशांत शहाद्याजवळ पुन्हां सांपडला, आणि नंतर मेळघाटांतही त्याची वस्ती आढळली. एकशें तेरा वर्षें ज्याचा पत्ता नव्हता तो पक्षी परतवाड्याहून कांहीं तासांच्या वाटेवर सागाच्या उघड्या फांदीवर दिवसाढवळ्या बसलेला असतो.

त्याची ओळख पटविणें मात्र सोपें नाहीं. गांवच्या वडापिंपळावर जो ठिपक्यांचा पिंगळा राहतो त्याच्यासारखाच तो दिसतो. फरक असा कीं रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा, छातीवर गडद पट्टा, पोट पांढरें, आणि पाय पिसांनीं भरलेले. हे बारकावे चित्रांत आले तरच तें चित्र पुराव्याचें. पक्ष्याची उंची अवघी तेवीस सेंटिमीटर. पंधरा मीटरांवरून ३०० मि.मी.च्या भिंगानें त्याची प्रतिमा साडेचार मिलिमीटरांच्या आसपास येते, ६०० च्या भिंगानें नऊ मिलिमीटरांच्या वर. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांत नऊ मिलिमीटर म्हणजे अर्ध्याहून अधिक उंची. माथ्यावरचे ठिपके मोजतां येतात. ज्या घरांत पक्ष्यांची हौस आहे त्यांनीं १५० ते ६०० चें भिंग घेतलें तर तें वायां जाणार नाहीं. परंतु भिंग कमी पडतें म्हणून मोबाइलवर त्या पक्ष्याची हाक वाजवून त्यास जवळ बोलाविणारे लोक आहेत, त्यांच्या वाटेस जाऊं नये. आपल्या हद्दींत दुसरा पिंगळा शिरला असें समजून तो बिचारा शिकार व घरटें सोडून धांवत येतो.

येथें भिंगाच्या निवडीचा दुसऱ्याच एका गोष्टीशीं संबंध येतो, आणि ती पैशाहून मोठी आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ सालच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें पर्यटकांनीं प्राण्यांपासून किमान वीस मीटर दूर राहावें आणि प्राण्यांस घेरूं नये असें ठरलें आहे. वरचें त्रैराशिक या अंतरास लावून पाहावें. वीस मीटरांवर ३०० मि.मी.च्या भिंगानें वाघाची प्रतिमा ३० मिलिमीटर येते, म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याची चौकट जवळजवळ भरते. लहान कॅमेऱ्यांत हेंच काम २०० चें भिंग करतें. उलट मोबाइलचें मुख्य भिंग मोठ्या कॅमेऱ्यावरील सुमारें २६ मि.मी.च्या भिंगाएवढें असतें; त्यांत हाच वाघ चौकटीच्या चौदाव्या हिश्शाएवढा दिसतो. मग गाडींतून ‘आणखी पुढें घ्या’ असा आग्रह सुरू होतो, आणि बक्षिसीवर आशा ठेवून असलेला चालक गाडी पुढें घेतो.

याचा परिणाम कोठवर जातो तें ३१ डिसेंबर २०२४ रोजीं दिसलें. नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत, गोठणगांवच्या बाजूस, एफ-२ या नांवानें ओळखली जाणारी वाघीण आपल्या पांच बछड्यांसह रस्ता ओलांडीत असतां पर्यटकांच्या गाड्यांनीं दोन्ही बाजूंनीं तिची वाट रोखली. त्या दृश्याचीं चित्रें सर्वत्र पसरलीं. संबंधित चालक व गाइड यांच्यावर कारवाई झाली. आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें या प्रकाराची आपण होऊन दखल घेतली. त्या गाड्यांत वाईट माणसें होतीं असें समजण्याचें कारण नाहीं. वर्षाच्या शेवटच्या दिवशीं मुलांना वाघ दाखवावा म्हणून आलेलीं तीं आपल्यासारखींच कुटुंबें असावींत. परंतु ज्या मातेमागें पांच पिलें आहेत तिला पुढें जातां येईना आणि मागेंही जातां येईना, ही गोष्ट उरतेच. ज्याच्या गळ्यांत ३०० मि.मी.चें भिंग आहे त्यास निदान ‘मागें घ्या’ असें म्हणतां येतें, आणि असें म्हणून त्याचें कांहीं बुडत नाहीं. भिंगाच्या खर्चाचें याहून चांगलें समर्थन सांपडणें कठीण. अर्थात् ६०० चें भिंग घेऊनही वाघाच्या मिशा मोजण्यासाठीं पुढें घुसणारे असतात. त्यांचा दोष कोणतेंही भिंग दूर करणार नाहीं.

लांब भिंगाबरोबर लहान भिंगही पिशवींत असावें, हें सांगण्याचें कारण मेळघाट स्वतः. वैराटच्या टोंकावरून एकामागून एक निळसर होत जाणाऱ्या डोंगररांगा, कोलकासजवळ वळण घेणारी सिपना, फाल्गुनांतले पळस, शहानूरच्या बाजूनें दिसणारा नरनाळ्याचा कोट, यांस २४ किंवा ३५ मि.मी.चें भिंग लागतें. कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेलें १८ ते ५५ चें भिंग या कामास पुरेसें आहे. मुक्कामाच्या जागीं तें लावावें आणि गाडींत बसण्यापूर्वीं लांब भिंग चढवावें. सहलीहून परतल्यावर वर्षानें जीं चित्रें पुन्हां पाहावींशीं वाटतात, त्यांत या लहान भिंगाचीं अधिक असतात, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं पाणवठ्यावरील मचाणांवर निसर्गप्रेमींना बसविण्याची पद्धत वनखात्यानें चालविली आहे. त्या रात्रीं कोणतें भिंग न्यावें, असें विचारणारे असतात. पूर्ण चंद्राचा प्रकाश सूर्याच्या सुमारें चार लाखाव्या हिश्शाएवढा असतो, आणि फ्लॅश लावण्यास अरण्यांत मनाई असते. कॅमेरा घरींच ठेवावा. त्याऐवजीं दुर्बीण न्यावी, आणि ती ८×४२ या मापाची असावी. पहिल्या आकड्यानें दुसऱ्यास भागलें म्हणजे डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास निघतो. येथें तो पांच मिलिमीटरांहून थोडा अधिक येतो. ८×२१ ची खिशांतली दुर्बीण दिवसा बरी, पण चांदण्यांत तिच्यांतून येणारा अडीच मिलिमीटरांचा झोत रुंदावलेल्या बाहुलीस अपुरा पडतो. चांदण्यांत पाण्यावर आलेलें अस्वल आधीं डोळ्यांस न दिसतां कानांस कळतें, हेंही मचाणावर बसलेले सांगतील.

एकंदरींत प्रथमच जाणाऱ्या कुटुंबानें, लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर, ७० ते ३०० मि.मी.चें व हाताचा कंप सांवरणारें भिंग घ्यावें. तें अर्ध्या-पाऊण किलोचें असतें, मुलांच्या हातींही देतां येतें, आणि संत्र्याच्या हिशेबांत खड्डा पाडीत नाहीं. दोन-तीन सहली होऊन हौस टिकली तर १०० ते ४०० कडे वळावें. त्यापुढचें भिंग विकत घेण्यापूर्वीं नागपूर-पुण्यासारख्या शहरांतून चार दिवसांच्या भाड्यानें आणून पाहावें. पुष्कळांची हौस त्या चार दिवसांच्या वजनानेंच फिटते.

नवें भिंग घेऊन थेट अरण्यांत मात्र जाऊं नये. चांदूर बाजार तालुक्यांतच विश्रोळीला पूर्णा नदीवरचें धरण आहे. हिंवाळ्यांत तेथें सकाळीं जाऊन पाण्यावरचे पक्षी टिपण्याचा आठ दिवस सराव करावा. उडता बगळा ज्याला चौकटींत धरतां आला त्याला सांबर अवघड जात नाहीं. आणि पावसाळा लागला, गाभ्यांतील सफारी बंद झाली, म्हणजे भिंग कातडी पिशवींत कोंडून कपाटांत टाकूं नये. आषाढ-श्रावणाच्या ओलाव्यांत आंतल्या कांचेवर बुरशीचे तंतू धरतात आणि ते कांचेवरील लेप खाऊन टाकतात. मग तें साफ करण्याचा खर्च नव्या भिंगाच्या जवळपास जातो. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्यांत भिंग ठेवावें, पुड्या रंग बदलूं लागल्या कीं तव्यावर मंद आंचेनें सुकवून पुन्हां घालाव्यात, आणि पंधरा दिवसांनीं एकदां ऊन पडेल त्या दिवशीं भिंग बाहेर काढून खिडकींतून समोरचें कडुलिंबाचें झाड पाहावें.